उजेडात येऊन बोला

"उजेडात या. मग बोला."

गॅरेजच्या दारात कुणी पाऊल टाकलं की उस्तादांचं पहिलं वाक्य हेच. या-बसा नाही, गाडीला काय झालं ही विचारपूस नाही. हातातला पाना खाली ठेवायचा, फडक्याला हात पुसायचे आणि गिऱ्हाइकाला दंडाला धरून पत्र्याच्या सावलीतून बाहेर, भर उन्हात नेऊन उभं करायचं. त्याचं तोंड आपल्याकडे वळवून घ्यायचं. मग भुवया उडवायच्या, म्हणजे आता सांगा.

क्रांती चौकातून आमच्या वस्तीकडे येताना डाव्या हाताला त्यांचं गॅरेज होतं. सगळी वस्ती त्यांना उस्ताद म्हणायची. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तरी लोक त्या उन्हात घाम पुसत उभे राहायचे आणि आपल्या गाडीचं दुखणं सांगायचे. कारण उस्तादांसारखा कान अख्ख्या शहरात कुणाला नाही, हे सगळ्यांना मान्य होतं.

कान म्हणजे काय, तर हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. इंजिन चालू करायला लावून ते त्याचं टोक इंजिनच्या अंगाला टेकवायचे आणि मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. दुसरे मेकॅनिक मूठ कानाला लावतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. हे दातांत धरायचे. समोरचा चहावाला म्हणायचा, "उस्ताद इंजिन चाखतात." दोन मिनिटांनी मूठ तोंडातून काढून निकाल यायचा, "तीन नंबरचं बेरिंग गेलंय. पंधरा दिवस चालंल." सोळाव्या दिवशी ती गाडी दोरीने ओढून आणलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. फोन ते उचलायचेच नाहीत. "माणूस येऊ द्या, आवाज नको." गंगापूरकडचे एक बागायतदार पाटील जीप घेऊन आले होते. भरघोस मिशी, ओठ पार झाकलेले. उस्तादांनी त्यांना उन्हात उभं केलं, थोडा वेळ निरखलं आणि म्हणाले, "मिशी छाटून या, मग गाडीचं बघू." पाटील लालबुंद होऊन निघून गेले. आठ दिवसांनी आले ते मिशीला कात्री लावूनच, कारण जीपचा खडखडाट दुसऱ्या कुणाला सापडला नव्हता. चहावाल्याच्या बाकावर यावर महिनाभर चर्चा चालली. कुणी म्हणालं जुना राग असेल, कुणी म्हणालं मिशीचे केस इंजिनात पडतात.

मग तोंडाला मास्क बांधायचे दिवस आले तेव्हा उस्ताद फार चिडचिडे झाले. त्यांनी शाळेच्या दुकानातून एक दगडी पाटी आणली आणि गॅरेजच्या दाराला टांगली. "ह्याच्यावर लिवा काय झालं ते." लोकांना वाटलं, म्हातारा रोगाला घाबरला. मलाही तेच वाटलं. मी गणित शिकवते. वर्गात 'सिद्ध करा, सिद्ध करा' म्हणून घसा कोरडा करते. आणि हे सगळं, एकामागून एक, डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं असताना मला त्यातलं काही दिसलं नाही. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आमची गाडी लहानशी, पेट्रोलवरची. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर घेतलेली. अप्पांची आणि उस्तादांची गट्टी होती; उस्ताद त्यांना साहेब म्हणायचे. अप्पांना तंबाखूची सवय. गॅरेजपाशी गाडी उभी केली की ते आधी खाली उतरून थुंकायचे, चूळ भरायचे, आपण होऊन उन्हात जाऊन उभे राहायचे आणि एकेक शब्द सुटा करून बोलायचे, पहिलीच्या पोराशी बोलावं तसं. मला ते ऐकताना फार अवघडल्यासारखं व्हायचं.

अप्पा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. माझी शाळा गंगापूरच्या पुढे. रोज जायला-यायला मी तीच वापरायचे. ड्रायव्हरच्या सीटला अप्पांच्या पाठीने पडलेला खळगा होता आणि तो मी कधी भरून घेतला नाही. एका परीक्षेच्या दिवशी वाळूज सोडल्यावर गाडीतून वाफ यायला लागली. थांबायला हवं होतं. पेपर सुरू व्हायची वेळ झाली म्हणून मी तशीच दामटली आणि शाळेच्या फाटकात इंजिन जाम झालं. चूक सरळ माझी होती.

घरचे, शेजारचे, शाळेतले, सगळे एका सुरात म्हणाले, भंगारात द्या. मी गाडी ओढून उस्तादांकडे आणली, उन्हात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "द्यायची नाहीये."

उस्तादांनी बॉनेट उघडून पाहिलं. इंजिनवर तळवा टेकवला. मग म्हणाले, "साहेबांना मी जबान दिली व्हती, बाई. तुमची गाडी मी बंद पडू देणार नाय. पण हे इंजिन गेलं. ह्याच्यात आता जान नाय."

"मग?"

"ह्याच गाडीचं डिझेल मॉडेल पण निघालं व्हतं. तसली एक भंगारवाल्याकडं आलीय. मागून ट्रकनं ठोकली, मागचा भाग चपाती झालाय. पण इंजिन साफ हाय. टर्बोवालं. ते ह्याच्यात बसवतो."

"पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन?"

"हौ," उस्ताद म्हणाले. अख्ख्या बोलण्यात तेवढ्या एका शब्दाला ते हसले.

मी हो म्हणून घरी आले, पण ते नेमकं काय करणार आहेत ते मला समजलं नव्हतं. चार दिवसांनी शाळेतून परतताना गॅरेजात डोकावले. गाडीचं तोंड मोकळं होतं. दिवे नाहीत, रेडिएटर नाही, आत नुसती पोकळी आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. अप्पांच्या गाडीचं इंजिन कोपऱ्यात गोणपाटावर पडलं होतं. आणि वर, लोखंडी तुळईला अडकवलेल्या साखळीला, ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतलं काळं धूड लोंबकळत होतं. मी तिथेच एका टायरवर बसले. उस्तादांनी मला पाहिलं, एक ग्लास पाणी आणून दिलं आणि परत कामाला लागले.

ते काम दीड महिना चाललं. तुम्हाला वाटेल एक काढलं, दुसरं ठेवलं, झालं. तसं नसतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या, नाहीतर गाडी नाक खाली करून चालली असती. गिअरबॉक्स बदलला, रेडिएटर मोठा बसवला. टाकी उतरवून धुतली, कारण पेट्रोलचा थेंबही राहून चालत नाही. इंजिन ज्यावर टेकतं ते आधार नव्या जागी यायला हवेत, त्यासाठी उस्तादांनी स्वतः लोखंडी पट्ट्या कापल्या, वाकवल्या, शेजारच्या वेल्डरकडून जोडून घेतल्या. प्रत्येक पट्टीवर ते अंगठा फिरवून पाहायचे. दरम्यान मी कागदांसाठी आरटीओत चकरा मारत होते. तिथल्या कारकुनाने इंधनाच्या रकान्यावर बोट ठेवून तीनदा विचारलं, "पेट्रोल खोडून डिझेल? नक्की?" शेवटी एक दिवस ती खोडाखोड अधिकृत झाली.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी वेल्डर, चहावाला आणि अर्धी गल्ली जमली होती. उस्तादांनी लहानशा हातपंपाने डिझेलच्या पाइपातली हवा काढली आणि मला चावी फिरवायला सांगितलं. गाडी हादरली, खोकली, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. अप्पांची ती शांत, हळू बोलणारी गाडी आता ट्रॅक्टरसारखी बोलत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी दोन्ही तळवे बॉनेटवर पसरून ठेवले होते आणि त्यांच्या तोंडावर मी पूर्वी कधी न पाहिलेला आनंद होता.

"हे बोलतं," ते म्हणाले. "आजकालच्या पेट्रोल गाड्या लई हळू बोलतात."

गाडी देण्याआधी त्यांनी मला एक धडा दिला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा लहानसा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या पंख्यातून इंजिनचं तेल आत गळायला लागलं तर इंजिन तेच तेल जाळत सुटतं आणि मग चावी काढली तरी थांबत नाही. "डिझेल कधी कधी चावीचं ऐकत नाय," उस्ताद म्हणाले. "तवा घाबरायचं नाय. पाचवा गिअर. ब्रेक दाबून धरायचा. क्लच सोडायचा. गळा दाबल्यासारखं बंद पडंल." बंद गाडीत बसवून त्यांनी ते माझ्याकडून दहा वेळा करून घेतलं. पाढे म्हणावेत तसं मी हसत हसत म्हणत होते, पाचवा, ब्रेक, क्लच.

आठवड्याभरात गाडीतून शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, उंच. ॲक्सिलरेटर दाबला की यायची, सोडला की जायची. मी उस्तादांकडे गेले, उन्हात उभी राहिले, सांगितलं. त्यांनी मूठ दातांत धरली, डोळे मिटले, दोन मिनिटांनी म्हणाले, "नाय. शिट्टी नाय. इंजिन मस्त हाय."

आणि मी घरी आले. इथे मला थांबून कबूल केलं पाहिजे. शिट्टी मला ऐकू येत होती. शाळेतल्या पोरांना ऐकू येत होती, 'बाईंची गाडी शिट्टी मारते' म्हणून ती हसायची. शेजारच्या वर्गावरच्या सरांनीही दोनदा सांगितलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "उस्ताद म्हणालेत, शिट्टी नाही." त्यांच्या कानापुढे मी माझे कान खोटे ठरवले. वेल्डर आणि चहावाला गाडीपाशी उभे होते, त्यांनीही शिट्टी ऐकली आणि मान हलवून म्हणाले, "उस्ताद नाय म्हणले ना, मग भास असंल."

दुसऱ्यांदा गेले, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदाही 'नाय' आलं तेव्हा मी हट्टाला पेटले. "तुम्ही शेजारी बसा, वाळूजच्या पुढे जाऊन येऊ. तुमच्या कानाने ऐका." रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. उस्ताद मुकाट बसले.

वाळूजची वर्दळ मागे पडली आणि मी वेग वाढवला. शिट्टी आली. रस्त्यावर नजर ठेवून मी म्हणाले, "ही बघा, आली." उस्ताद खिडकीतून बाहेरचा ऊस पाहत होते. "आता ऐकू येतेय ना?" त्यांची नजर बाहेरच होती. मग त्यांनी आपण होऊन अप्पांची काहीतरी गोष्ट काढली. शिट्टीची किंकाळी झाली होती, सायकलवरचा माणूस मान वळवून पाहत होता, आणि माझ्या शेजारचा माणूस निवांतपणे सांगत होता की साहेबांना गाडी धुवायची लई हौस.

पुढच्याच क्षणी गाडी आपल्या मनाने पळायला लागली. मी पाय काढून घेतला, तरी इंजिन चढतच होतं. क्लच दाबला तर ते आणखी उसळलं. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता पांढरा धूर. मी चावी फिरवली, उपसून काढली. इंजिन किंचाळत होतं आणि चावी माझ्या हातात होती. मी ती उस्तादांच्या तोंडासमोर धरली.

तोवर हादरे त्यांच्या पायापर्यंत पोहोचले होते. त्यांनी चावी पाहिली, माझं तोंड पाहिलं. एक हात वर करून पाची बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताने गिअरच्या दांड्यावर थाप मारली. मी पाचवा टाकला, ब्रेकवर उभीच राहिले, क्लच सोडला. गाडीने एक जबर धक्का खाल्ला आणि ती मेली. रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर, अर्धी मुरमावर.

मला वाटलं संपलं. उस्ताद उतरले, बॉनेट उघडलं आणि डांबराच्या बाजूने वाकून आत डोकं घातलं. मी उतरून गाडीमागे गेले, तेव्हा उसाने भरलेला ट्रक येताना दिसला. धुरात त्याला अंदाज आला नसावा. त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. तो हॉर्न शेतातल्या माणसांनी ऐकला, ती उभी राहून पाहायला लागली. उस्ताद हलले नाहीत. मी ओरडले, "उस्ताद, सरका!" पुन्हा ओरडले. ते शांतपणे एका पाइपावर बोट फिरवत होते. इंजिन बंद होतं, हाताला हादरा नव्हता, ट्रक आलाय हे त्यांना सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

मी धावले आणि सदऱ्याला धरून त्यांना ओढलं. आम्ही दोघं मुरमावर पडलो. ट्रक गेला. उसाची पानं माझ्या तोंडाला घासून गेली.

"काय झालं?" उस्ताद चिडून म्हणाले. मग ट्रककडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. एवढा मोठा हॉर्न, हाताच्या अंतरावर, आणि या माणसाची पापणी हलली नव्हती. ऊन, मिशी, पाटी, फोन, दातांतली मूठ, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. गेली वीस वर्षं मी त्यांना पाहत होते.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"साहेबांना पण असंच कळलं व्हतं. पाठीमागून हाक मारली त्यांनी. चार वेळा." त्यांनी सदऱ्यावरची माती झटकली. "म्हणले, मी कुणाला सांगणार नाय, तुम्ही माझी गाडी नीट ठेवा."

अप्पांचं ते थुंकणं, चूळ भरणं, सुटे सुटे शब्द. एकदा मी वैतागून अप्पांना म्हणाले होते, "ते काय बहिरे आहेत का, असं बोलायला?" अप्पा एवढंच म्हणाले होते, "हळू बोललं तर काय बिघडतं?" घरातल्या घरात, माझ्यासमोर, त्यांनी हे जपून ठेवलं आणि बरोबर घेऊन गेले.

"तुम्ही शिट्टी म्हणलात, मी नाय म्हणलो," उस्ताद म्हणाले. "मला ती येतच नाय. धडधड येते हाताला, दाताला. बारीक आवाज येत नाय. तरी म्हणलो, नाय. तीनदा म्हणलो." त्यांचे डोळे भरून आले होते. "साहेबांच्या लेकीला मारलं असतं मी, बाई."

मी त्यांच्यावर रागवायला हवं होतं. राग आलाही, पुष्कळ आला, पण तो कुणावर काढायचा ते सुचेना. त्यांनी लपवलं म्हणून ते चुकले आणि ऐकू येत असून मी गप्प राहिले म्हणून मी चुकले. आम्ही दोघं मुरमावर बसून राहिलो, शेतातल्या बाईने तांब्याभर पाणी आणून दिलं ते प्यायलो.

पुढच्या रविवारी त्यांनी मला गॅरेजात बोलावलं. समोरचा दरवाजा ओढून घेतला आणि मागचा, उन्हाचा, उघडा ठेवला. दोष त्यांनी आधीच शोधला होता. टर्बोतून तेल परत खाली आणणारा पाइप, त्यांनीच बनवलेल्या एका पट्टीखाली दबला होता. तेल तुंबलं, पंख्याचं बेरिंग गेलं, आणि ते आठ दिवस शिट्टी मारून सांगत होतं. "हातानं बघितलं व्हतं. डोळ्यानं बघितलं व्हतं," उस्ताद म्हणाले. "ऐकायचं राहिलं."

पट्टी कापून नवी बसवली, टर्बो बदलला. मग त्यांनी तो लांब स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मुठीवर दातांच्या खुणा इतक्या खोल होत्या की त्यात माझं बोट बसलं. टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं, मूठ माझ्या कानाला लावली. "शिट्टी आली की हात वर करा."

त्यांनी इंजिन चालू केलं. हळूहळू वाढवलं. माझ्या कानात नुसती धडधड भरली होती. उस्ताद माझ्या हाताकडे पाहत होते, इंजिनकडे अजिबात नाही. आणखी वाढवलं. मी हात खालीच ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत नेलं, तिथे धरून ठेवलं, आणि माझा हात वर गेला नाही. तेव्हा कुठे त्यांनी इंजिन बंद केलं.

त्यानंतर त्यांनी दुसरी गाडी हातात घेतली नाही. गल्लीला सांगितलं, "डोळे गेले आता, दिसत नाय." सगळे हळहळले. चहावाला म्हणाला, "डोळ्याचं काय, म्हाताऱ्याचा कान अजून शाबूत हाय." मी तिथेच उभी होते. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी किंचित भुवया उडवल्या. मी चहा पीत राहिले.

ते लेकीकडे सोयगावला राहायला गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी घेऊन भेटायला गेले, अजिंठ्याचा घाट उतरून, फर्दापूरवरून आत. गल्लीत वळले तर उस्ताद पत्र्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले, पाठ रस्त्याकडे, एक तळवा फाटकावर. मी गाडी अगदी जवळ नेऊन उभी केली, चालूच ठेवली. पत्रा थरथरायला लागला. मान न वळवता उस्ताद म्हणाले, "तेल बदलायचं राहिलंय, बाई."

खरंच राहिलं होतं.

त्यांची लेक पस्तिशीची असेल. चहा घेऊन आली ती ओसरीतून अंगणात, माझ्या समोर, आणि एकेक शब्द ओठांनी पूर्ण करत बोलली. मग हसली. "सवय लागली. शेजारच्या बायका म्हणतात, तू आम्हाला बहिरं समजतीस का." उस्तादांचा डोळा लागला होता, तरी तिने आवाज खाली आणला नाही, त्याची गरज नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"माझ्या जन्माच्या आधीपासून. आधी बारीक आवाज गेले, बायकांचे, लेकरांचे. मग हळूहळू बाकीचे." ती सहज सांगत होती. "अब्बांनी माझा आवाज कधी ऐकलाच नाय. मी काय बोलते ते त्यांनी नेहमी बघितलं. लहानपणी रडायचं असलं ना, तरी मी उजेडात जाऊन रडायची."

ऐकू येणारे आम्ही सगळे त्यांच्या कानाची तारीफ करत फिरत होतो, आणि इथे एक मूल रडायला ऊन शोधत होतं. परतीच्या वाटेवर घाट चढून वर येईपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

त्यानंतर मी मार्चमध्ये पुन्हा गेले. आठ दिवस आधी तेल बदलून घेतलं होतं, फिल्टरसुद्धा. यावेळी त्यांना काही खोट काढता येऊ नये असा माझा बेत होता. गल्लीत वळले. गाडी फाटकाजवळ नेली, चालू ठेवली. पत्रा थरथरायला लागला.

फाटकाशी खुर्ची नव्हती.

मी तशीच बसून राहिले. इंजिन बंद करायला हात होईना. वाटत होतं, आत कुठेतरी भिंतीला, खाटेला हादरा पोहोचेल. मग घराच्या दारात त्यांची लेक दिसली. आतल्या अंधारात ती उभी होती, तिथूनच तिने मला पाहिलं. तिचे ओठ हलले नाहीत. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली, उंबरा ओलांडला, ओसरी उतरली, अंगणात जिथे ऊन पडलं होतं तिथपर्यंत आली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

मग बोलली.